शेजारच्यांचा मांडव

धायरीत आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. दसऱ्यानंतर ते स्वतः जोडलेल्या पाइपांच्या मांडवावरून टोपलीभर दोडके उतरवतात आणि कौतुक केलं की म्हणतात, "अहो, त्यात काय एवढं!" मी आयटीतला, माझा नुसता जळफळाट होतो.

यंदा बायको माहेरी गेली असताना मीही हट्टाने आमच्या दोडक्याच्या वेलाला मांडव बांधला. परतीच्या पावसात तो वेलासकट आडवा झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर मांडव ताठ उभा होता. सांधे पाहून हात कोणाचा ते कळलं.

बायको परतली आणि कुंपणावरून त्यांना म्हणाली, "काका, तुम्हीच बांधलात ना?"

"छे हो! साहेबांनी एकट्याने बांधलाय."

ती कौतुकाने माझ्याकडे वळली. मी मान डोलावली, आणि त्या क्षणी तो माणूस मला मुळीच सहन होईना.