वळचणीचा कप

स्वीडनमधल्या शेतमजुरासाठी तुमचे डोळे भरून येतात. पण तुमच्या गावातली मजूर बाई चहा कशातून प्यायची, हे तुम्हाला माहीत आहे का?

मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होते. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही मराठी मंडळी एका काकूंच्या घरी सिनेमा बघायला जमायचो. डीव्हीडी आणेल त्याने सिनेमा संपल्यावर आधी बोलायचं, मग जेवण, असा शिरस्ता. माझी पाळी आली तेव्हा मी लायब्ररीतून जुन्या काळावरचा एक स्वीडिश सिनेमा आणला. जमीनदाराच्या शेतावर राबणारं कुटुंब. घर मालकाचं, धान्य मालकाचं, तोंड उघडलं की रस्त्यावर. एका प्रसंगात मालकीण त्यांना अंगणातच उभं ठेवून कॉफी देते, गोठ्यातल्या फळीवर वेगळ्या ठेवलेल्या भांड्यांतून.

काकू डोळे पुसत होत्या. सिनेमा संपताच काका उठले. "युरोपातही असलं होतं म्हणजे! बिचारे. चला, पुऱ्या गार होतायत."

"काका, माझं बोलणं राहिलंय."

"जेवता जेवता बोल की. भाषण ठोकणारेस का, यार?"

सगळे हसले. बाबांनी आणलेल्या चळवळीच्या पुस्तिका वाचत मी वाढले. कोणी हसलं की खाली बसावं, असं त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"माझी आई पाटलांकडे निंदायला जायची. तिचा कप त्यांच्या वळचणीला खोचलेला असायचा, कान तुटलेला. तिनेच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत खोचायचा."

"हे कुठल्या काळातलं?" काकांनी विचारलं.

"मी शाळेत होते तेव्हाचं. सुट्टीत मीही त्याच कपातून प्यायलेय."

काका खाली बसले. मग काकू म्हणाल्या, "आमच्या परसातही होता तसा एक. कोणाचा, ते मी कधी विचारलंच नाही."

"आता विचारा, काकू."

"आता? आई काय म्हणेल?"

"तेच तर ऐकायचंय."

पुऱ्या तशाच राहिल्या. काकूंनी ड्रॉवरमधून कॉलिंग कार्ड काढलं आणि सगळ्यांदेखत माहेरचा नंबर फिरवला.

तुम्हीही आज घरी फोन लावा. असा कप होता का, विचारा. त्यातून पिणाऱ्या बाईचं नाव विचारा. नाव कळेपर्यंत फोन ठेवू नका.