गडबला लागलेला लाल दिवा

आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे जो स्क्रीन आहे, त्यावर एकूण किती चिन्हं उमटतात याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. वेग कळतो, पेट्रोल कळतं. बाकी जे लुकलुकतं त्याच्याशी मी लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं वागतो. ओळख असल्यासारखं हसायचं आणि पुढे सरकायचं.

त्या रविवारी आईला पेणहून रोह्याला न्यायचं होतं. म्हणजे रोह्याला लागूनच वरसेला, मावशीकडे. मावशी ही आईची धाकटी बहीण. न्हाणीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. इकडे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून गाडीत बसायचं ती टाळायची. दोघी व्हिडिओ कॉल करायच्या, पण फोन असा धरायच्या की एकीला दुसरीचं फक्त कपाळ दिसायचं. "तुझं तोंड बघायचंय गो मला," असं मावशी रोज म्हणायची. आई रोज हो म्हणायची आणि निघायच्या दिवशी काहीतरी मोडता घालायची. एकदा चपलेचा अंगठा तुटला म्हणून, एकदा शेजारचं कुत्रं रडलं म्हणून. या वेळी मात्र तिने आपणहून पोह्याचे पापड बांधायला घेतले. त्यामुळे वाटेत काही अपशकुन होऊ द्यायचा नाही, एवढीच माझी जबाबदारी होती.

म्हणून शनिवारी संध्याकाळी मी गाडी पुसायला घेतली. आईला अस्वच्छता खपत नाही. कुठेही गेली की आधी बोट फिरवते, मग बसते. काच, सीट, पायपुसणी, सगळं झालं. राहिली ती स्क्रीनची कड. काच जिथे काळ्या चौकटीत शिरते तिथे नखही जाणार नाही अशी फट आहे, आणि त्या फटीत पिवळी रेघ. गाडी नवी आली तेव्हा मावशीनेच पूजा केली होती. तिचा हात मोठा. बॉनेटवर वाहायची हळद तिने "आतल्या यंत्रालापण लागू दे" म्हणत डॅशबोर्डवर उधळली होती. तीच तिथे जाऊन बसलेली.

दात घासायचा जुना ब्रश फिरवला, तर हळद आणखी आत गेली. काडीला कापूस गुंडाळून घातला, काडी बाहेर आली, कापूस आत राहिला. कापूस काढायला बायकोची सेफ्टीपिन घेतली. तो निघाला, पण हळद तिथेच. मग मी जोरात फुंकर मारली आणि ती थेट डोळ्यात.

"काय करताय अहो एवढा वेळ?" बायको दारातून.

"डिटेलिंग," मी एक डोळा मिटून म्हणालो. हा शब्द मी मोबाइलवर गाडी चकचकीत करायच्या एका व्हिडिओत शिकलो होतो.

"घरातल्या पंख्यांचं करा कधीतरी."

शेवटी एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घेतलं, त्याच्यावर चष्म्याचं फडकं दुमडलं, कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि फटीतून सरसर फिरवलं. तोवर अंधारून आलं होतं. दिसत काही नव्हतं, पण हाताला स्वच्छ लागलं. मी खूश.

सकाळी आई पुढे बसली, बायको पापडांचा डबा मांडीवर घेऊन मागे. आईने डॅशबोर्डवर बोट फिरवलं, बोट बघितलं, काही बोलली नाही. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात. वडखळ मागे पडलं. गडब गावाच्या आसपास रस्ता जरा वळला, डावीकडून ऊन आत आलं आणि आई म्हणाली, "अरे, हा लाल दिवा कसला रे?"

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात, खरंच, नखाएवढं लालभडक काहीतरी पेटलेलं. एका दुकानाच्या सावलीला गाडी घेतली. दिवा मंद झाला. जरा पुढे उन्हात घेतली, पुन्हा पेटला. सावलीत बरं वाटणारा बिघाड मी पहिल्यांदाच बघत होतो.

"गाडी तापली असेल," मी म्हणालो आणि बंद केली. स्क्रीन काळा झाला. दिवा तसाच. किल्ली काढून खिशात घातली. तसाच! मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, आत ज्या वस्तू असतात त्या सगळ्या दिसल्या, बॉनेट लावलं. खिडकीतून डोकावलो. दिवा माझ्याकडे बघतोय.

"किल्ली काढल्यावरपण चालू राहतो म्हणजे मोठंच काहीतरी आहे," मी बायकोच्या कानाशी म्हणालो. ते आईने ऐकलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. पदर सारखा केला, पिशवी मांडीवर ओढून घेतली. "फिरव गाडी. नाय जायचं. तिच्या नशिबात नाय, माझ्यापण नाय."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की मला त्या दिव्यापेक्षा तिचीच भीती वाटली. आज फिरलो तर ती पुन्हा गाडीत बसणार नाही, हे मला कळत होतं. मावशी बरी होऊन पेणला येईल असं तर कुणीच म्हणत नव्हतं.

मी काहीतरी करायचं म्हणून फडकं काढलं आणि तो दिवा पुसायला लागलो. दिवा पुसून जात नाही हे मलाही माहीत आहे. पण फडक्याला लाल लागलं.

बायको मागून वाकली. "बघू? अहो, काल याला लावलंत काय तुम्ही?"

"साबण. कपड्याचा."

"हळदीला?"

आईने फडकं ओढून घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला.

"साबण लागला की हळद लाल होते हे माहीत नाय तुला? एवढा घोडा झालास!" मग बायकोकडे वळून, "याला गो कपडे कधी धुवायला देत नायस काय?"

"देत नाही, तेच चुकलं," बायको म्हणाली.

आणि आई हसायला लागली. "तिला तेव्हाच सांगत होते, चिमूटभर टाक. ऐकते कुठे! मूठ भरून टाकली सटवीने." हसताना तिचा गुडघा दुखत होता, तो दाबत ती हसत होती. "चल आता. तिला विचारतेच."

वरसेला पोचल्यावर तिने चौकशी वगैरे काही केली नाही. खाटेजवळ खुर्ची ओढली आणि थेट हळदीवरच आली. मावशी म्हणाली, "ताई, दोन वर्षं तुझ्या लेकाने ती पुसली नव्हती, ते आधी बोल." मग दोघी मिळून माझ्यावर घसरल्या. मी पापड भाजायला गेलो.

संध्याकाळी निघालो. गल्लीतून बाहेर पडताना स्क्रीनवर पुन्हा लाल दिसलं, या वेळी गोल. आई दचकली. पण मी आता शहाणा झालो होतो. "मावशीची हळद," मी म्हणालो आणि एका हाताने फडकं फिरवत राहिलो. गाडी कुईकुई करत होती. ती सीटबेल्टसाठीही करते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"जळका वास कसला येतोय?" बायकोने विचारलं.

हँडब्रेक वर होता.

नागोठण्यापर्यंत आई स्क्रीनकडे टक लावून बसली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ तेव्हा कोपऱ्यातलं ते लाल तसंच ठेव. हळद कुठली नि दिवा कुठला, ते मी सांगेन तुला."