रविवार संध्याकाळच्या सुया

गंगाखेडच्या एका बारा खाटांच्या खासगी दवाखान्याचं व्यवस्थापन मी बरीच वर्षं पाहते आहे. डॉक्टर रुग्ण बघतात, बाकी सगळं मी बघते. त्या बाकीत कचराही आला. दवाखान्याचा कचरा घंटागाडीत टाकता येत नाही, त्याला वेगळा कायदा आहे. रक्ताचे बोळे आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सलाइनच्या बाटल्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, आणि सुया जाड पांढऱ्या डब्यात, ज्यातून टोक बाहेर येणार नाही अशा. पिशवीवर बारकोड, रोज वजनाची नोंद, आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत सगळं परवाना असलेल्या कंपनीच्या गाडीत. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मी सफाईच्या खोलीत चिकटवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "ताई, आपल्याकडं पेशंटपेक्षा कचऱ्याचीच फाइल जाड व्हायलीय."

सुरुवातीला सगळ्यात जास्त वाद सलाइनच्या बाटल्यांवरून झाले. लोक रिकाम्या बाटल्या हक्काने मागून न्यायचे. कुणी मिरचीच्या रोपाशी टांगून थेंब थेंब पाणी द्यायला, कुणी शेळीच्या पिलाला दूध पाजायला. नियम सांगतो, बाटली कापूनच टाका, पुन्हा कुणाच्या वापरात येता कामा नये. मी कात्री आणली आणि अर्ध्या आळीचा राग ओढवून घेतला. पांढऱ्या डब्यांचं दुखणं निराळं होतं. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण. कोरे डबे महिन्याला दोन-तीन तरी गायब व्हायचे आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिठाचे होऊन बसायचे. त्यावर मी उपाय काढला. डबे माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी माझ्या पर्समध्ये. माझ्या कामांच्या यादीतल्या त्या ओळीवर काट मारली आणि विषय संपवला.

त्या वर्षी दसरा झाल्यावरच्या रविवारी मी सेलूला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले. सोमवारी सकाळी कामावर आले, गाडी आली, पिशव्या चढवायला सुरुवात झाली. पाचच मिनिटांत मागच्या दारातून मावशींचा आवाज आला. मावशी म्हणजे आमच्या सफाईच्या बाई, साठीला आलेल्या, माझ्याही आधीपासून दवाखान्यात असलेल्या.

"अरे, तंबाखूचा चुना जखमेला लावतोस व्हय? धर तो हात नळाखाली."

कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस नळाशी उभा होता. चाळिशीचा, नेटका, मोजकं बोलणारा. मला पाहून म्हणाला, "काय न्हाई ताई, जरासं टोचलं." हातात जाड मोजे होते, तरी लाल पिशवी उचलताना सुई मोज्यातून बोटात गेली होती. मी पिशवी उघडायला लावली. एका न कापलेल्या सलाइनच्या बाटलीत वापरलेल्या सुया कोंबलेल्या, तोंडाला कापसाचा बोळा, आणि एक सुई बाटलीच्या अंगातून आरपार आलेली.

डॉक्टरांनी जखम साबणाने धुतली आणि त्याला समोर बसवून साफ सांगितलं. अशा सुईतून रक्ताचे आजार येऊ शकतात. शक्यता थोडी आहे, पण आहे. औषध आजच, आत्ताच सुरू करायचं, ते अठ्ठावीस दिवसांचं आहे आणि सोसायला जड आहे. सुई ज्याची होती त्याचं रक्त तपासून चांगलं निघालं, तर गोळ्या थांबवता येतील.

त्याने बोटावरचा कापूस घट्ट दाबला. मग म्हणाला, "घरी काय सांगू? दोन पोरी हायेत. त्यांच्याच ताटात बोलावतात जेवायला."

मी नोंदवही उघडली. रविवारी दिवसभरात एकोणीस जणांना इंजेक्शन नाहीतर सलाइन दिलेलं. अर्धे घरी गेलेले, काही तर बाहेरगावचे. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, सुया कुणी टाकल्या, त्याचं नाव द्या आणि त्याला काढून टाका. फोन स्पीकरवर होता. नर्स जमिनीकडे बघत होती. मावशी फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि तरीही बोलल्या.

"म्या घातल्या. काल सांजच्याला डबा भरला. दुसरा तुमच्या कपाटात. मग पैलेसारखं बाटलीत घातल्या."

"मावशी, फोन का नाही केला मला?"

"बारशात बसलेल्या माणसाला सुयांचा फोन करायचा का? म्हणलं, सकाळी आल्यावर सांगू. तेवढ्यात गाडी आली." मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "पण दुपारपर्यंतच्या समद्या डब्यात गेल्या, दादा. बाटलीत नुसत्या सांजच्या हायेत. हे पक्कं."

गप्प राहणं त्यांना सहज जमलं असतं. रविवारी नर्स होती, दोन आया होत्या, दोष कुणावरही वाटला गेला असता. त्या एका वाक्याने एकोणिसाचे चार झाले. मी चौघांची यादी केली. दोघे वॉर्डातच होते, तिसरा बसस्टँडसमोर राहणारा होता. तिघांनीही रक्त दिलं, तिघांचंही चांगलं निघालं. चौथी सकाळी आठलाच घरी गेली होती. राणीसावरगावजवळच्या एका वस्तीवरची, ऊसतोडीला जाणारी. तिच्या टोळीची गाडी त्याच संध्याकाळी निघणार होती. ती गेली की सहा महिने कोल्हापूरकडच्या कुठल्या उसाच्या फडात शोधायची?

आमच्या लॅबवाल्याने स्वतःची मोटार काढली. मी, मावशी आणि मांडीवर एक कोरा पांढरा डबा. पोहोचलो तेव्हा ट्रक भरून उभा होता. पत्रे, कोंबड्या, पिठाची पोती, आणि त्यावर बसलेली माणसं. आमची बाई कडेलाच होती, सलाइन लावलेल्या हाताला अजून पट्टी. मी खालून सगळं सांगितलं आणि जरा उतरायला सांगितलं. ती काही बोलायच्या आत तिची सासू म्हणाली, "एकदा गाडीत बसल्यावर खाली पाय लावायचा न्हाई. हंगामभर दुखणं मागं लागतं."

"दुखण्यातूनच उठलीय की आत्ता," कुणीतरी मागून म्हणालं.

"म्हणूनच म्हणतेय."

मी नियम, संमती, गुप्तता असं एकेक सांगायला लागले. शब्द बरोबर होते, पण कुणाच्या कानात शिरत नव्हते. मावशींनी मला बाजूला केलं, पदर खोचला आणि लॅबवाल्याच्या खांद्यावर हात टेकून ट्रकच्या फाळक्यावर चढल्या.

"बाई, चूक माझी हाय," त्या तिच्याशेजारी पोत्यावर बसून म्हणाल्या. "तुझी सुई म्या भलतीकडं टाकली. ती एका लेकराबाळाच्या माणसाला टोचली. तुझं रगत बघितलं की त्याच्या घरच्यांचा घोर जाईल. न्हाई म्हणलीस तर मी रागावणार न्हाई."

"मला कायतरी झालंय का मग?"

"कुणी म्हणतंय का तसं? चार जणांचं बघायलेत. तू चौथी."

बाईने हाताच्या पट्टीवरून पदर ओढला. "कळलं तर कुणाला कळंल?"

मी खालून म्हणाले, "तुझ्याच फोनवर, तुलाच. दुसऱ्या कुणाला नाही."

"मग घ्या की. लवकर घ्या, डायव्हर बोंबलायलाय."

लॅबवाला वर चढला. ती पोत्यावर बसलेली, मावशींनी तिचा दंड धरलेला, बाजूला एक कोंबडी फडफडत होती. अर्ध्या मिनिटात काम झालं. सुई थेट डब्यात गेली. ट्रक निघायच्या आधी सासूने मावशींना हाताला धरून उतरवलं आणि वर म्हणाली, "तुमी कुठं हंगामाला निघालाव? तुमाला चालतंय."

तिचंही रक्त चांगलं निघालं. मी तिला फोन केला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज होता. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. गाडीवरच्या माणसाच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी थांबल्या. तरी नंतरच्या तपासण्या त्याने ठरल्याप्रमाणे करून घ्यायच्या होत्या.

अपघाताचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावा लागतो. त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं: कोरे डबे कुलूपबंद होते आणि चावी व्यवस्थापकाकडे होती. डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केली. मावशींना कुणीही काढलं नाही. तेव्हापासून कोरे डबे उघड्या फळीवर असतात. अजूनही महिन्याला एखादा जातो. जाऊ दे.

वैशाखात ऊसतोड संपवून माणसं परतली. एका दुपारी ती बाई दवाखान्यात आली, दुखणं घेऊन नव्हे. काउंटरशी उभी राहून म्हणाली, "त्या गाडीवाल्याचं काय झालं हो? फडात कदी मधी आठवायचं. मी नवऱ्याला म्हणायची, आपल्याला कळलंच न्हाई."

त्याचा शेवटचा अहवाल आदल्याच आठवड्यात आला होता. त्याने विचारणाऱ्याला सांगायला हरकत नाही असं सांगून ठेवलं होतं, तेव्हा मी सांगितलं. ठणठणीत आहे.

"झालं मग," ती म्हणाली आणि मावशींना शोधायला आत गेली. बऱ्याच वेळाने दोघी मागच्या पायरीवर चहा पिताना दिसल्या. मी त्यांना हाक मारली नाही. माझी त्या दिवसाची यादी अर्धी राहिली होती, पण मीही माझा कप घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले.