बांधाशेजारचा तानपुरा
भातपेरणीआधी शिवारात पालापाचोळा पेटवून राब भाजायला लागले, की त्या धुराच्या वासाबरोबर मला एक तानपुरा ऐकू येतो. खालापूरजवळच्या आमच्या शेताला लागून एका मुंबईकराने फार्महाऊस बांधलं होतं. आम्ही राब भाजत असताना तो बांधावरून आला आणि बाबांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवून म्हणाला, "काका, ऐकून बघा. एक तानपुरा आणि एक गळा, बाकी काही नाही." तो गेल्यावर बाबांनी राखेच्या बोटांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "फुकट कोन देतो रं? याला आपला बांध पायजे." संध्याकाळी ओटीवर मी ते स्पीकरला लावलं. तानपुरा बराच वेळ नुसताच घुमत राहिला, मग एक सूर आला, लांबला, थांबला, आणि पुन्हा नुसता तानपुरा. "तबला कुटं हाय?" "नाय बाबा, एवढंच हाय." "मंग मधी मधी गप का ऱ्हातो ह्यो? कायतरी लपवतोय." आई बोलायला लागली, तर तिला त्यांनी हातानेच गप्प केलं. समोरचा चहा गार झाला. शेवटचा सूर विरला तसे म्हणाले, "उद्या परत लाव. आज कायतरी सुटलं." पुढे रोज संध्याकाळी, अगदी वारेपर्यंत, ते डोळे मिटून त्या गाण्यातली लबाडी शोधत राहिले. मुंबईकराने बांधाचा विषय कधीच काढला नाही. परवा त्याने फार्महाऊस विकलं. नवा मालक ओळख करून घ्यायला नुसतेच पेढे घेऊन आला, आणि मला लगेच बांध आठवला.