चावलेला नान

सनोबर ओपांना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ धजत नाही. वर्षानुवर्षं आम्ही एकाच फाटकातून कामावर येत होतो, पण त्यांना भावंडं किती, रात्री झोप लागायची की नाही, यातलं मला काही सांगता येणार नाही. चहात साखर घेत नसत, एवढं ठाऊक आहे. तेही साखर मिळत नसल्यामुळे असेल.

मी मुलांच्या सुधारगृहाचा दारवान आणि ओपांची कपड्यांची कोठी माझ्या चौकीला लागून. सगळे त्यांना ओपा, म्हणजे ताई म्हणायचे आणि मला अका, म्हणजे दादा. नवा मुलगा आला की माझ्याकडे नोंद आणि झडती, मग डॉक्टर, न्हावी, अंघोळ आणि शेवटी ओपा. त्या त्याला इथले कपडे द्यायच्या आणि त्याचे स्वतःचे गाठोड्यात बांधून ठेवायच्या. मधूनमधून मात्र गाठोडी सोडून विजारींच्या दुमडी उसवत बसायच्या.

"ही कशाला उठाठेव?" मी एकदा विचारलं.

"पोरं काय बरणीत घातलीत, अका? वाढतातच की. सुटताना पोटऱ्या उघड्या टाकून घरी जायचं का त्यांनी?"

नुसरत दुसऱ्यांदा आमच्याकडे आला होता. सायकली चोरायचा, पण चालवायचा इतक्या सावकाश की मालक धावत येऊन गाठायचा. "पुन्हा त्या फाटकात दिसलास तर मोठ्यांच्या तुरुंगात धाडीन," असं न्यायाधीशांनी त्याला बजावलं होतं. पोरगं त्या दिवसापासून घाबरून होतं.

त्याच्या सुटकेच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. विजार घोट्यापर्यंत बरोबर आली, आजोबांनी सही केली आणि ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात आमची नवी स्वयंपाकीण मलोहत गरम नान घेऊन धावत आली. "चाव रे बाळा, एक घास चाव. सुखरूप जा."

नुसरतनं चावला. ओपा कोठीतून बाहेर आल्या आणि जागीच थिजल्या. "अगं बाई, हे काय केलंस!"

आमच्या मुलखात घरातला मुलगा लांब निघाला की त्याला नान चावायला देतात आणि उरलेला भिंतीला टांगून ठेवतात. तो परत येऊन संपवायचा असतो.

"माझे तिन्ही मुलगे असेच फौजेत गेले," मलोहत म्हणाली. "तिघंही परत आले!"

"तेच तर!" ओपा ओरडल्या.

आता कुठे मलोहतच्या ध्यानात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. नुसरतचं चावणं थांबलं, चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मला परत यावंच लागणार," तो पुटपुटला.

"थुंकून टाक!" बाहेरून आजोबा म्हणाले.

"नान थुंकतात का? वयाला शोभतं का हे, आजोबा?" ओपांनी त्यांना गप्प केलं. मग नुसरतकडे वळल्या. "घास गीळ. बाहेर जा. लगेच आत ये आणि उरलेला इथेच संपव. म्हणजे तुझं परत येणं उरकलं."

मी घसा खाकरला. "ओपा, आत आला की नोंद करावी लागेल. नियम आहे."

"मग करा की."

"झडती, डॉक्टर, अंघोळ..."

"अका, आज एक दिवस तुम्ही तरी फाटकासारखे आडवे येऊ नका!"

नुसरत बाहेर गेला, आजोबांच्या कोपराला हात लावून आत आला.

"नाव?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे की, अका."

"नाव?"

त्यानं सांगितलं. मी त्याचे खिसे चाचपले. डॉक्टरांनी खिडकीतून डोकावून जीभ दाखवायला सांगितली. "नान दिसतोय. तब्येत उत्तम," म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. अंघोळीच्या नावानं ओपांनी त्याच्या डोक्यावर चार थेंब शिंपडले. मग आमच्या सगळ्यांच्या देखत त्यानं उभ्या उभ्या अख्खा नान संपवला. शर्टावर पडलेले तीळसुद्धा ओपांनी वेचून त्याच्या तोंडात घातले.

"येऊन झालं तुझं," त्या म्हणाल्या. "आता जा."

तो उचक्या देत गेला, पण चेहऱ्यावर रंग परत आला होता.

तो पुन्हा आला नाही. पुढे एका उन्हाळ्यात त्याचे आजोबा खरबुजं घेऊन आले. नुसरत सायकल दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. मी आत बोलावलं तर म्हातारा दोन पावलं मागेच सरकला. नुसरत गेला त्या दिवसापासून सुटणाऱ्या मुलाला नान मिळायचा, पण हातानं तोडलेला.

ओपा निवृत्त झाल्या त्या सकाळी मी बाजारातून नान आणून ठेवला होता. त्या स्वतःचं गाठोडं घेऊन फाटकाशी आल्या, तेव्हा मी चहाचा पेला बाजूला ठेवून तो न तोडता पुढे केला.

त्यांनी नानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय हो अका, मला परत आणायचा बेत आहे का?"

मी खाली बघून एक तुकडा तोडला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला, पदराला हात पुसले आणि गाठोडं उचललं.

"तुमचा चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

"होऊ दे, ओपा."