पाळण्यांची खोली

मलाक्का हे मलेशियातलं जुनं डच गाव. सिंगापूरहून बसने चार-पाच तासांवर, त्यामुळे लाँग वीकएंड आला की ऑफिसातले सगळे तिकडे पळत. मला जुन्या इमारतींचा मनस्वी कंटाळा, तरी बायकोच्या आग्रहाने एकदा गेलो. चौकातल्या लाल इमारतीपुढे गाइड पोपटासारखा बोलत होता: आधी हे डच गव्हर्नरचं घर, मग इंग्रजांची कचेरी, आता म्युझियम. घर होतं तेव्हा इथे कुणाची मुलं जन्मली का, एवढंच बायकोने विचारलं. गाइडला ते ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "आपली इमारत बघायला जाऊ या का हो?"

आपली इमारत म्हणजे सिंगापुरातलं बाळंतिणींचं जुनं हॉस्पिटल. नव्वदीच्या सुरुवातीला, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आमचा संसार नवा असताना, आमचा मुलगा तिथे जन्मला आणि बारसं होण्याआधी तिथेच गेला. वरच्या मजल्यावर पाळण्यांच्या खोलीत काचेपलीकडे तो असायचा, पायाला पट्टा, त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. आम्ही त्याला नुसतं बाळ म्हणायचो. आमच्याकडे नाव आत्या ठेवते आणि बारशाला बाळाच्या कानात सांगेपर्यंत ती ते कुणाला कळू देत नाही. माझी धाकटी बहीण त्यासाठी झबलं-टोपडं घेऊन पुण्याहून निघालीही होती. ती पोचली तेव्हा नाव सांगायला कान उरला नव्हता. ते पोटात ठेवूनच ती परत गेली, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. विचारून करायचं काय होतं?

पुढे हॉस्पिटल रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. जुनी इमारत पाडली नाही, हेच नवल. या शहराला उभ्या भिंती बघवत नाहीत. तिथे सरकारी ऑफिस आलं, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. बसने, टॅक्सीने जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो.

मलाक्काहून आल्यावर एक दिवस रजा टाकून आम्ही दोघं गेलो. आत एसीचा गारठा, चकचकीत फरशी, कुंडीत प्लास्टिकची झाडं. डेटॉलचा वास कुठेच नव्हता, आणि मला उगाचच त्याचा राग आला. काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून मायेने, इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, हॉस्पिटल शिफ्टेड ऑलरेडी लाह. क्रॉस द रोड."

आम्हाला फक्त वरचा मजला बघायचा आहे, असं मी सांगितलं. वर नुसत्या मीटिंग रूम आहेत आणि पासाशिवाय सोडता येत नाही, ती म्हणाली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण बायकोने बाही धरून मला बाहेर आणलं. फुटपाथवरच्या झाडाखाली उभी राहून ती म्हणाली, "वन्संना फोन लावा. नाव विचारा. निदान तेवढं तरी आपलं असू दे."

मी लावला आणि नाव विचारलं.

"दादा, ते नाव मी ठेवलं रे."

"कुणाचं?"

"आमच्या धाकट्याचं. माझ्या नणंदेला मीच सुचवलं. इतकं गोड नाव नुसतं पडून राहणार, मला सहन होईना. तुम्हाला सांगायचा धीर मात्र झाला नाही."

त्या भाच्याचा फोटो आमच्या फ्रिजवर होता. त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला फोनवर त्याचं नाव आम्ही दोघांनी किती लाडाने घेतलं होतं! बहिणीचा मला संताप आला, मी फोन ठेवून दिला. बायकोला सांगितलं. ती तिथेच कट्ट्यावर बसली आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत राहिली.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे आला. बायकोने त्याला काही कमी पडू दिलं नाही. पुलाउ उबीन बेटावर सायकली भाड्याने घेऊन दिवसभर हिंडवलं, रोज त्याच्या आवडीचं केलं. पण महिनाभरात एकदाही तिने त्याला नावाने हाक मारली नाही. "बाळ, जेवायला ये," म्हणायची.

"मामी, मी काय लहान आहे का आता?" मिसरूड फुटायला आलेला तो मुलगा लाजून म्हणायचा.

ती खाली मान घालून त्याचं ताट वाढत राहायची.