तिसऱ्या बाकावरच्या प्रिन्सिपल मॅडम

आमच्या प्रिन्सिपल मॅडम तेलुगूत नापास झाल्या होत्या.

आणि ही बातमी त्यांनी स्वतःच भर असेम्ब्लीत, माइकवरून सांगितली होती.

काल संध्याकाळी वाघमारे मॅडम गेल्या. तारनाक्याच्या राहत्या घरी, झोपेतच. रात्रीपासून आमच्या शाळेच्या मुलींचे फोन चालू आहेत आणि खरं सांगते, रडण्यापेक्षा आम्ही हसतोयच जास्त.

मी आठवीत उदगीरहून हैदराबादला आले. बाबांना इथे नोकरी लागली, अंबरपेठेत घर घेतलं, आणि मला मुलींच्या या छोट्या प्रायव्हेट शाळेत घातलं.

बाकी सगळं जमत होतं. तेलुगू मात्र नाही.

प, व, स, म. सगळी अक्षरं मला एकाच घरातली जुळी भावंडं वाटायची. वर्गात वाचायची वेळ आली की मी पुस्तकाआड तोंड लपवायची. घरी येऊन रोज रडायचं. "मला मामाकडे पाठवा, उदगीरलाच शिकते मी."

शेवटी बाबा मला घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, लेकरू रोज रडायलंय. कशाला हाल करायचे? टीसी द्या, शाळेतून काढतो हिला."

मॅडम मूळच्या नांदेडकडच्या. वडील रेल्वेत होते, म्हणून अख्खं आयुष्य हैदराबादेत. आमच्याशी मराठीतच बोलायच्या.

"देते ना टीसी. पण एक युनिट टेस्ट होऊ द्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला पण वाचता येत नाही गं तेलुगू. बोलते कशीबशी. इतकी वर्षं लाजेनं कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाजूला जागा आहे का बाकावर?"

मला वाटलं, गंमत करतायत.

दुसऱ्या दिवशी तेलुगूच्या पिरियडला मॅडम आल्या, वही-पेन घेऊन. तिसऱ्या बाकावर, माझ्या शेजारी बसल्या.

तेलुगू शिकवणाऱ्या पद्मा टीचरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मॅडम, आप ऐसा बैठे तो मैं कैसा पढाऊं? मेरे हाथां कांपरे!"

"कांपने दो," मॅडम म्हणाल्या. "मेरे भी कांपरे."

टीचरनी फळ्यावर 'वान' लिहिलं. म्हणजे पाऊस. मॅडम उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मान!"

"तप्पु!" टीचर सवयीनं ओरडल्या. चूक! आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.



मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तप्पु है तो तप्पु बोलना, टीचर. मळ्ळी चदुवुता." परत वाचते.

परत वाचलं. परत चुकलं. मग मात्र अख्खा वर्ग हसला, मॅडम सगळ्यात जास्त.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हात वर केला. चुकले. काही झालं नाही.

मग आमचं चालूच झालं. शाळा सुटली की गेटपासून बसस्टॉपपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत जायचं. मॅडम एक अक्षर, मी एक अक्षर. मेडिकलवाल्याची पाटी पूर्ण वाचली तेव्हा दोघींनी तिथेच टाळ्या वाजवल्या. आतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला, काय झालं म्हणून.

युनिट टेस्ट झाली. मॅडमनी आमच्याबरोबरच लिहिली.

मी काठावर पास झाले.

मॅडम नापास.

पद्मा टीचर म्हणे केबिनमध्ये जाऊन रडल्या, की मार्क वाढवून देते. मॅडमनी ऐकलं नाही. असेम्ब्लीत सांगून टाकलं. "मैं फेल हो गयी. टीचर की गलती नहीं, मेरी प्रॅक्टिस कम पडी. अगली टेस्ट में देखेंगे."

मॅनेजमेंटमधले एक सर फार चिडले. प्रिन्सिपलनं असं सांगायचं असतं का, मुलींवर काय परिणाम होईल!

मॅडमनी त्यांना विचारलं, "मग नापास झाल्यावर काय करायचं, हे मुलींनी कुणाकडून शिकायचं?"

त्याच आठवड्यात बाबा टीसी न्यायला आले. मामाशी बोलणं झालं होतं, उदगीरची शाळा ठरली होती.

मी कॉरिडॉरमध्येच त्यांना अडवलं. "बाबा, नक्को. मी नाही जात."

"आता काय झालं?"

"मॅडम नापास झाल्यात. त्यांना एकटीला कसं सोडू?"

बाबा इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला लागले. तिथूनच मामाला फोन लावला. "पोरगी येत नाही बाबा तुझ्याकडे. तिला इथं एक विद्यार्थिनी सांभाळायची आहे."

वार्षिक परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. पेरेंट्स मीटिंगला मॅडम पहिल्यांदा तेलुगूत बोलल्या, चुकत चुकत. ज्या आया नेहमी मागे गप्प उभ्या असायच्या, त्या मीटिंग संपली तरी मॅडमना सोडेनात. त्यांना सांगण्यासारखं खूप होतं. आजवर कुणी त्यांच्या भाषेत विचारलंच नव्हतं.

मी आता लॉ करते. लीगल एडला आलेल्या बायकांचे तेलुगू अर्ज मीच वाचते. अजूनही कुठे अडले तर सरळ त्या बायकांनाच विचारते. लाज वाटत नाही.

मागच्या महिन्यात मॅडमना भेटायला गेले होते. अंगात ताकद नव्हती, पण मला तेलुगू पेपर वाचून दाखवायचा हट्ट. एका शब्दावर थांबल्या म्हणून मी सांगायला गेले, तर डोळे वटारले. "गप. वाचतेय मी."

आणि वाचलं. पूर्ण बातमी.

आज सकाळी त्यांच्या घरी खूप गर्दी होती. कलीग, नातेवाईक, माजी विद्यार्थिनी. पद्मा टीचर कोपऱ्यात बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, तुम्ही मॅडमच्या कोण?

टीचर म्हणाल्या, "मेरी स्टुडंट थी."

जय भीम, मॅडम. तुम्हाला खूप प्रेमानं निरोप.